रूट कॅनालमध्ये फायबर पोस्ट चिकटवताना

फायबर पोस्ट (कॅनालमध्ये चिकटवायची तंतूंची बारीक कांडी) सुटलेला रुग्ण बहुतेक वेळा क्राउन (दातावरची टोपी), कोअर (तिच्याखालचा भराव) आणि पोस्ट असा एकसंध तुकडा कागदाच्या पुडीत गुंडाळून आणतो. पुडी उघडल्यावर लगेच तो तुकडा पुन्हा चिकटवायला घेऊ नये; आधी पोस्ट भिंगाखाली धरून नीट पाहावा. सिमेंट पोस्टला घट्ट धरून बाहेर आले असेल आणि त्याचा पृष्ठभाग साच्यातून काढल्यासारखा गुळगुळीत असेल, तर बंध सिमेंट आणि डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) यांच्या सीमेवर सुटलेला आहे, किंबहुना तेथे तो मुळात नीट झालाच नव्हता. उलट पोस्ट स्वच्छ बाहेर आला आणि सिमेंट कॅनालमध्येच राहिले, तर दोष पोस्टच्या पृष्ठभागाच्या तयारीत शोधावा लागतो. माझ्या खुर्चीवर आलेले असे बहुतेक पोस्ट पहिल्या प्रकारचे होते, आणि प्रयोगशाळांतील चाचण्यांतही सिमेंट व डेंटिन यांची सीमा हाच सर्वांत दुबळा दुवा ठरत आला आहे. आपण एकमेकांना विचारतो मात्र, ‘सिमेंट कोणते वापरलेस?’ खरा प्रश्न ‘सिमेंट घालण्यापूर्वी भिंत कशी होती?’ हा असायला हवा.

पुढील मजकूर दंतवैद्यांसाठी आणि इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तो ग्लास फायबरचा पोस्ट रेझिन सिमेंटने चिकटवण्यापुरता मर्यादित आहे. धातूचा कास्ट पोस्ट आकार, लांबी आणि घर्षण यांच्या आधारावर टिकतो, त्यामुळे त्याचे तंत्र वेगळे आहे. फायबर पोस्ट कॅनालमध्ये थोडा सैलच बसतो आणि त्याची बरीचशी मदार चिकटण्यावर असते.

पोस्ट कोठे आणि किती खोल

पोस्ट मुळाला बळकटी देत नाही. तो फक्त कोअरला धरून ठेवतो, आणि त्याच्यासाठी जागा करताना मुळातले थोडे डेंटिन खर्चीच पडते. त्यामुळे दाढेच्या दोन-तीन भिंती शाबूत असतील आणि पल्प चेंबर पुरेसा खोल असेल, तर पोस्टशिवाय कोअर करता येतो आणि तसाच करावा. समोरच्या दातांवर आणि प्रीमोलरवर (उपदाढांवर) आडवा जोर अधिक येतो, म्हणून तेथे पोस्टची गरज जास्त वेळा भासते. दात कोणताही असो, क्राउनची कड जेथे संपणार तेथून वर, सर्व बाजूंनी, किमान १.५ ते २ मिमी उंचीचे आणि सुमारे १ मिमी जाडीचे निरोगी डेंटिन, म्हणजेच फेरूल, मिळणार आहे का हे आधी तपासावे. फेरूल नसेल तर प्रत्येक घासाचा भार थेट सिमेंटच्या पातळ थरावर येतो, आणि तो वर्षानुवर्षे पेलेल असे सिमेंट बाजारात नाही. अशा दातात क्राउन लेंग्थनिंग किंवा ऑर्थोडोंटिक पद्धतीने मूळ वर ओढून घेणे यांचा विचार आधी करावा, आणि तेही शक्य नसेल तर दात काढावा लागेल हे रुग्णाला काम सुरू करण्यापूर्वीच सांगावे.

फायबर पोस्टची कल्पना १९९० मध्ये फ्रान्समध्ये ड्यूरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तेव्हाचे पोस्ट कार्बन तंतूंचे आणि काळे होते. पांढरे, अर्धपारदर्शक ग्लास फायबर नंतर आले. या पोस्टचा मुख्य गुण त्यांच्या लवचीकतेत आहे. डेंटिनचा लवचीकता गुणांक साधारण १८ गिगापास्कलच्या आसपास असतो, स्टेनलेस स्टीलचा २०० च्या जवळ जातो, तर ग्लास फायबर पोस्टचा बहुधा २० ते ४० च्या दरम्यान राहतो. भार आला की फायबर पोस्ट मुळाबरोबर थोडा वाकतो, त्यामुळे मूळ उभे चिरण्याऐवजी बंध सुटण्याची शक्यता अधिक असते. सुटलेला पोस्ट पुन्हा बसवता येतो, चिरलेले मूळ जोडता येत नाही. मात्र पोस्ट वाकतो तेव्हा सीमेवर सतत ताण पडत राहतो, आणि म्हणूनच चिकटवण्याच्या कामात हयगय चालत नाही.

लांबी ठरवताना मुळाच्या टोकाशी ४ ते ५ मिमी गटापर्चा (आरसीटीत, म्हणजे रूट कॅनाल ट्रीटमेंटमध्ये, कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा पदार्थ) अबाधित राहिला पाहिजे, ही अट सर्वांत आधी पाळावी. ती पाळून पोस्ट निदान क्राउनच्या उंचीइतका आणि हाडातल्या मुळाच्या निम्म्यापर्यंत खोल जावा. पॅरलल तंत्राने घेतलेल्या एक्स-रेवर किंवा आरव्हीजीवर (डिजिटल एक्स-रेवर) ही लांबी मोजून ड्रिलवर रबर स्टॉप लावावा, आणि अंदाजावर विसंबू नये. एक्स-रे सपाट असतो आणि मूळ सपाट नसते, हेही ध्यानात ठेवावे. वरच्या मोलरचे (दाढेचे) पॅलेटल, म्हणजे टाळूकडचे मूळ पुष्कळदा गालाच्या बाजूला वळलेले असते आणि ते वळण नेहमीच्या एक्स-रेवर दिसत नाही. वरच्या पहिल्या प्रीमोलरच्या बकल (गालाकडच्या) मुळाला आतल्या बाजूने खाच असते, त्यामुळे तेथे पोस्ट टाळून पॅलेटल मूळ निवडावे. खालच्या मोलरमध्ये डिस्टल (मागचा) कॅनालच घ्यावा, कारण मीझियल (पुढच्या) मुळाची मागची भिंत इतकी पातळ असते की ड्रिल कधी आरपार गेले ते हाताला कळतही नाही.

गटापर्चा काढणे

तापवलेल्या प्लगरने गटापर्चा आधी काढून घ्यावा आणि मगच पीसो रीमर (कॅनाल रुंद करणारे ड्रिल) हाती घ्यावा. थेट फिरते ड्रिल घुसवले तर ते गटापर्चाची वाट सोडून डेंटिनकडे सरकू शकते आणि मुळाची भिंत फोडते. पीसोचा क्रमांक १ हा ०.७०, क्रमांक २ हा ०.९० आणि क्रमांक ३ हा १.१० मिमी व्यासाचा असतो. प्रीमोलरमध्ये क्रमांक ३ च्या पुढे जाण्याची वेळ सहसा येऊ नये. ड्रिल कमी वेगात, दाब न देता आणि फिरत असतानाच आत-बाहेर करावे. त्या पोस्टच्या संचातले अंतिम ड्रिल फक्त आकार देण्यासाठी, शेवटी एकदाच वापरावे. कॅनालला पोस्टच्या मापाचा करण्यापेक्षा कॅनालच्या मापाचा पोस्ट निवडणे केव्हाही बरे.

सीलरचा, म्हणजे गटापर्चाभोवतीची फट भरणाऱ्या पदार्थाचा, प्रश्नही येथेच येतो. झिंक ऑक्साइड युजेनॉलच्या सीलरमधले युजेनॉल रेझिनच्या पॉलिमरायझेशनमध्ये (घट्ट होण्यात) अडथळा आणते. पोस्ट टाकावा लागणार हे आधीच माहीत असेल तर ऑब्ट्युरेशनला (कॅनाल भरताना) इपॉक्सी रेझिनचा सीलर वापरणे सोयीचे ठरते. दुसऱ्या ठिकाणी आरसीटी करून रुग्ण आला असेल आणि सीलर कोणता होता ते कळत नसेल, तर तो युजेनॉलचाच आहे असे धरून भिंत साफ करावी. इपॉक्सी सीलर पूर्ण घट्ट होण्यास काही तास लागतात, म्हणून मी पोस्टसाठी पुढची भेट ठेवतो. ज्यांना त्याच भेटीत काम उरकायचे आहे त्यांनी ओला सीलर वर ओढला जाऊन भिंतीला फासला जाणार नाही याची काळजी घ्यावी.

भिंत

या कामातला माझा सर्वाधिक वेळ येथे जातो. ड्रिल फिरल्यावर डेंटिनचा भुगा, सीलरचे कण आणि घर्षणाच्या उष्णतेने मऊ झालेला गटापर्चा यांचा एक लेप भिंतीवर बसतो. आरसीटी करताना तयार होणाऱ्या स्मीअर लेअरपेक्षा हा दुय्यम थर जाड आणि चिवट असतो, आणि सेल्फ-एच (self-etch, म्हणजे वेगळे ॲसिड न लावता वापरायच्या) प्रकारच्या सौम्य बाँडिंग एजंटला तो भेदता येत नाही. वरून पाहिले तर कॅनाल स्वच्छ वाटतो. पेपर पॉइंटने कोरडा करून, लूप (भिंगाचा चष्मा) किंवा मायक्रोस्कोपखाली, प्रकाश थेट आत टाकून पाहिला की खरे चित्र दिसते. स्वच्छ डेंटिन मंद, मॅट दिसते, लेप राहिलेली जागा चकाकते, आणि एखाद्या कोपऱ्यात गटापर्चाची गुलाबी रेघ हमखास सापडते. खालच्या प्रीमोलरचा कॅनाल गालाकडून जिभेकडे लांबट असतो आणि ड्रिल गोल असते, त्यामुळे ते मधे गोल भोक पाडते आणि दोन्ही टोकांच्या खाचांना शिवतही नाही. तेथे पातळ अल्ट्रासॉनिक टिप भिंतीला समांतर धरून फिरवावी, किंवा टोकाशी किंचित वाकवलेली एच-फाईल (हेडस्ट्रॉम फाईल) भिंतीवर ओढून रेघ खरवडावी. सॉल्व्हंटचा मोह टाळावा. त्याने गटापर्चा विरघळतो खरा, पण निघून जाण्याऐवजी तो पातळ थराने सगळ्या भिंतीवर पसरतो.

यानंतर धुण्याचा क्रम. सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारते आणि सेंद्रिय भाग विरघळवते, परंतु ते भिंतीवर ऑक्सिजनयुक्त अवस्था मागे ठेवते आणि ऑक्सिजन रेझिनच्या पॉलिमरायझेशनला रोखतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचेही तसेच आहे, म्हणून पोस्टच्या जागेत ते वापरूच नये. हायपोक्लोराइट वापरायचे असल्यास सुरुवातीला वापरावे. त्यानंतर १७ टक्के ईडीटीए सुमारे एक मिनिट ठेवून भुग्याचा खनिज भाग सोडवावा आणि शेवटी भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुवावे. हे शेवटचे धुणे सर्वांत जास्त उरकले जाते. पाच मिली पाणी बारीक सुईने, सुई तळाजवळ नेऊन आणि थोडी वर-खाली हलवत सोडावे. हायपोक्लोराइट नाइलाजाने शेवटी वापरावेच लागले, तर १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेटच्या द्रावणाने त्याचा परिणाम उलटवता येतो. हे द्रावण मात्र ताजे करावे लागते.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाबद्दल दोन गोष्टी. एक, हायपोक्लोराइटवर ते थेट ओतले तर तपकिरी-नारिंगी साका तयार होतो आणि डेंटिनच्या नलिकांची तोंडे बुजवतो, म्हणून दोहोंच्या मधे पाण्याने धुणे आवश्यक आहे. दोन, डेंटिनमध्येच असलेली काही विकरे बंधातले उघडे कोलॅजन हळूहळू खातात आणि २ टक्के क्लोरहेक्सिडीन त्यांना आवर घालते. त्यामुळे एच-अँड-रिन्स (etch-and-rinse, म्हणजे आधी ॲसिड लावून धुण्याच्या) पद्धतीत ॲसिड धुतल्यानंतर ते मिनिटभर लावून, न धुता, केवळ टिपून घेण्याची पद्धत आहे. प्रयोगशाळेतील निष्कर्ष तिला अनुकूल आहेत आणि ती स्वस्तही आहे, म्हणून मी ती ठेवली आहे.

रबर डॅमविषयी (दात लाळेपासून वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्याविषयी) वाद घालण्यात अर्थ नाही. भिंती तुटलेल्या दाताला क्लॅम्प बसत नसेल तर शेजारच्या दोन दातांना धरून स्प्लिट डॅम लावावा. लाळेचा एक थेंब वरची सगळी मेहनत वाया घालवतो, शिवाय नुकत्या निर्जंतुक केलेल्या कॅनालमध्ये जंतू नेतो.

पोस्टची तयारी

पोस्ट कोरड्या कॅनालमध्ये घालून पाहावा. तो अपेक्षित खोलीपर्यंत विनासायास गेला पाहिजे. अडकत असेल तर पोस्ट दाबू नये, कॅनालमध्ये काय राहिले ते पाहावे. या स्थितीत एक एक्स-रे घेऊन पोस्टचे टोक आणि गटापर्चा यांच्यात रिकामी जागा नाही याची खात्री करावी. जास्तीचा भाग तोंडाबाहेर, डायमंड बरने, पाण्याच्या फवाऱ्याखाली कापावा. वायर कटरने किंवा कात्रीने कापल्यास तंतू चेंगरतात आणि त्यांना धरणारे रेझिन सुटे होते. बाहेरून ते दिसतही नाही.

तपासून पाहिलेल्या पोस्टवर लाळेचा, रक्ताचा किंवा निदान हातमोज्याच्या पावडरचा अंश असतोच. अल्कोहोलने पुसून तो हवेने सुकवावा आणि नंतर सायलेन लावून मिनिटभर तसाच राहू द्यावा. सायलेन काचेच्या उघड्या तंतूंशी बंध करते. भोवतालचे इपॉक्सी रेझिन मात्र इतके घट्ट विणलेले असते की सायलेनला तेथे फारसे काही धरता येत नाही, म्हणून सायलेनकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. हायड्रोफ्लोरिक ॲसिड सिरॅमिकसाठी आहे. फायबर पोस्टचे तंतू ते खाऊन टाकते, त्यामुळे पोस्टवर ते कधीही लावू नये. सायलेनची बाटली गढूळ दिसू लागली की ती फेकून द्यावी. यानंतर पोस्टला बोट न लावता तो चिमट्याने वरच्या टोकाशी धरावा.

बाँडिंग आणि सिमेंट

कॅनाल हे चिकटवण्यासाठी अत्यंत गैरसोयीचे ठिकाण आहे. सिमेंट घट्ट होताना आकसते, आणि आकसताना मोकळ्या पृष्ठभागाकडून थोडे वाहून ताण सैल करून घेते. बांधलेला पृष्ठभाग आणि मोकळा पृष्ठभाग यांच्या या गुणोत्तराला सी-फॅक्टर म्हणतात. साध्या डबीसारख्या कॅव्हिटीत तो ५ असतो, तर कॅनालमध्ये तो २०० च्याही पुढे जाऊ शकतो, कारण सिमेंट चारी बाजूंनी भिंत आणि पोस्ट यांच्यात कोंडलेले असते आणि मोकळे असते ते फक्त वरचे तोंड. त्यात प्रकाश खाली पोहोचत नाही. अर्धपारदर्शक पोस्टमधूनही तो खोलीबरोबर झपाट्याने कमी होतो. केवळ लाइट क्युअर होणारे (प्रकाशाने घट्ट होणारे) सिमेंट येथे बाद ठरते ते म्हणूनच. ड्युअल क्युअर (प्रकाशाने आणि रासायनिक क्रियेनेही घट्ट होणारे) सिमेंट लागते, आणि त्याची रासायनिक बाजूही दमदार असावी लागते.

मार्ग तीन आहेत. पहिल्यात ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, नंतर बाँडिंग एजंट आणि नंतर ड्युअल क्युअर सिमेंट येते. दुसऱ्यात ॲसिड वगळून सेल्फ-एच किंवा युनिव्हर्सल बाँडिंग एजंट लावतात. तिसऱ्यात सेल्फ-ॲडहेसिव्ह सिमेंट थेट भिंतीवर येते. पहिला मार्ग ज्याला नीट जमतो त्याला तो उत्तम फळ देतो, पण कॅनालमध्ये तो जमणे कठीण आहे. ॲसिडचे जेल पातळ सुईने तळापासून वर भरावे, १५ सेकंदांनंतर सुईनेच भरपूर पाण्याने धुवावे, कारण वरून मारलेला फवारा खाली पोहोचत नाही आणि जेल दाट करणारा सिलिकाचा अंश भिंतीवर राहून जातो. नंतर पेपर पॉइंटने पाणी टिपावे. शेवटचा पॉइंट किंचित ओलसर निघाला की थांबावे. खडखडीत कोरडे केल्यास कोलॅजनचे जाळे बसते आणि रेझिन आत शिरत नाही, पाणी राहिल्यास रेझिन विरते. वरून थ्री-वे सिरिंजची हवा मारून कॅनाल कोरडा होतो, ही समजूत सोडून द्यावी.

बाँडिंग एजंट बारीक मायक्रोब्रशने लावून भिंतीवर घासावा. नेहमीचा जाड ब्रश निम्म्या वाटेतच अडकतो. त्यानंतर कोरड्या पेपर पॉइंटने तळाशी साचलेले जास्तीचे द्रव शोषून घ्यावे आणि मंद हवेने सॉल्व्हंट उडू द्यावा. येथे घाई केली तर तळाशी बाँडिंग एजंटचे तळे राहते, आणि ते क्युअर झाले तर पोस्ट खाली जात नाही.

दुसऱ्या मार्गात एक रासायनिक मेख आहे आणि तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. एका बाटलीतल्या सोप्या बाँडिंग एजंटमध्ये आम्लधर्मी मोनोमर असतात, आणि ड्युअल क्युअर सिमेंटच्या रासायनिक बाजूतले टर्शरी अमीन त्या आम्लाने निष्प्रभ होते. प्रकाश पोहोचतो तेथे सिमेंट घट्ट दिसते, आणि प्रकाश न पोहोचणाऱ्या खोलीत, म्हणजे नेमके पोस्टच्या खालच्या अर्ध्या भागात, सीमेवरचा थर कच्चा राहतो. त्यामुळे अशा बाँडिंग एजंटमध्ये त्याचा स्वतंत्र ड्युअल क्युअर ॲक्टिव्हेटर मिसळावा, किंवा संपर्काने सक्रिय होणारे त्याच कंपनीचे सिमेंट वापरावे. एका कंपनीचा बाँड आणि दुसरीचे सिमेंट असा संसार येथे बहुधा सुखाचा होत नाही.

रोजच्या कामात मी बहुतेक वेळा सेल्फ-ॲडहेसिव्ह सिमेंट वापरतो. पायऱ्या कमी म्हणून चुकाही कमी, हे त्याचे साधे कारण. हे सिमेंट मिसळल्यावर सुरुवातीला आम्लधर्मी असते, डेंटिनमधल्या कॅल्शियमशी बंध करते आणि घट्ट होत जाताना उदासीन होत जाते. त्याच्याखाली डेंटिनवर फॉस्फोरिक ॲसिड लावू नये, कारण ज्या कॅल्शियमशी त्याला बंध करायचा आहे तेच आपण काढून टाकतो. काही सिमेंटच्या माहितीपत्रकात शेवटच्या सफाईनंतर ईडीटीएदेखील लावू नये असे म्हटलेले असते, त्यामुळे वर सांगितलेला धुण्याचा क्रम त्या पत्रकाशी ताडून मगच पक्का करावा. हे सिमेंट दाट असते आणि भिंतीवरचा जाड लेप भेदत नाही, म्हणून सोपे सिमेंट निवडले की भिंतीची सफाई उलट अधिक काटेकोर हवी.

आता प्रत्यक्ष सिमेंट भरणे. फ्रिजमधले सिमेंट आधी काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, पण विदर्भातल्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत तेच सिमेंट नेहमीपेक्षा लवकर आवळते याचाही हिशेब ठेवावा. मिक्सिंग टिप लावण्यापूर्वी सिरिंज थोडी दाबून दोन्ही नळ्यांतून पेस्ट सारखी येते का ते पाहावे. एका नळीच्या तोंडाशी सुकलेला खडा असेल तर मिश्रण एकतर्फी होते आणि सिमेंट कधीच नीट घट्ट होत नाही. टिप लावल्यावर पहिला मटारएवढा गोळा पॅडवर टाकून द्यावा. पॅडवरच्या त्या गोळ्याकडे मधूनमधून लक्ष ठेवावे. तो आवळू लागला की कॅनालमधले सिमेंट त्याच्याही आधी आवळलेले असते, कारण आत तापमान अधिक असते आणि हवेतला ऑक्सिजन पोहोचत नाही.

शिकत असताना मी लेंट्युलोने (सर्पिल तारेच्या फिरत्या साधनाने) सिमेंट कॅनालमध्ये फिरवले होते. झिंक फॉस्फेट या जुन्या सिमेंटच्या दिवसांतली ती सवय शिक्षकांकडून आलेली होती. फिरवल्याने सिमेंट तापले, हवा मिसळली, आणि पोस्ट हातात घेईपर्यंत आतले सिमेंट घट्ट झाले. पोस्ट जवळजवळ ३ मिमी वर उभा राहिला. मी तो दाबत राहिलो, तेव्हा रुग्णाने डोळे मिटले आणि माझ्या कपाळावर घाम आला. पोस्ट खाली गेला नाही. शेवटी तो ड्रिलने काढावा लागला, आणि त्यात मुळाचे जे डेंटिन गेले ते परत आले नाही. म्हणून आता मिक्सिंग टिपला लांब, बारीक कॅनाल टिप जोडूनच सिमेंट भरतो. टिप तळापर्यंत न्यावी, सिमेंट सोडावे आणि पातळी वर येईल तशी टिप मागे घ्यावी, परंतु तिचे टोक सिमेंटमध्ये बुडालेलेच राहावे. टोक वर आले की हवेचा बुडबुडा कोंडला गेलाच.

पोस्टलाही सिमेंटचा पातळ लेप लावून तो सावकाश, किंचित फिरवत आत न्यावा, म्हणजे दाबाखाली जास्तीचे सिमेंट वर येण्यास वाट मिळते. तळाला टेकला की बोटाने स्थिर धरावा. या क्षणी पोस्ट अपेक्षित खुणेपर्यंत गेला नाही असे दिसले तर विचार करत बसू नये, तत्काळ बाहेर काढावा, कॅनाल पाण्याने धुवावा आणि पुन्हा सुरुवात करावी. वर आलेले सिमेंट चेंबरच्या तळावर पसरू द्यावे. मग लाइटचे टोक पोस्टच्या माथ्याला जवळजवळ टेकवून ४० ते ६० सेकंद क्युअर करावे. आकसण्याचा ताण थोडा सैल व्हावा म्हणून काही जण लाइट लावण्यापूर्वी जरा थांबतात. थांबावे की नाही हे सिमेंटच्या प्रकारावर अवलंबून असल्याने त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे चालावे. लाइटनंतर मात्र रासायनिक क्युअर पुढे सरकण्यासाठी माहितीपत्रकात दिलेला वेळ, साधारण पाच मिनिटे, कोअरला बर लावू नये. बरच्या धक्क्याने कच्चा बंध हलतो.

रुंद किंवा लांबट कॅनाल

कॅनाल फार रुंद असेल, उदाहरणार्थ लहानपणी मार लागून मूळ अर्धवट वाढलेला वरचा सेंट्रल इन्सायझर, तर बारीक पोस्टभोवती सिमेंटचा जाड थर येतो. जाड थर जास्त आकसतो आणि त्यात बुडबुडेही अधिक राहतात. अशा वेळी पोस्टवरच कॅनालचा आकार चढवावा. कॅनालच्या भिंतीला पाण्यात विरघळणारे ग्लिसरीन जेल लावावे, सायलेन आणि बाँड लावलेल्या पोस्टवर कंपोझिट गुंडाळून तो आत बसवावा आणि दाताच्या एखाद्या बाजूची खूण पोस्टवर करून ठेवावी, नाहीतर पुन्हा घालताना तो कसा फिरवायचा ते कळत नाही. आतच काही सेकंद लाइट द्यावा, पूर्ण घट्ट होण्यापूर्वी पोस्ट एकदा थोडा वर-खाली करून अडकत नाही ना ते पाहावे, मग बाहेर काढून चोहोबाजूंनी नीट क्युअर करावा. अंडरकट असेल तर पोस्ट आतच पक्का होतो, म्हणून कंपोझिट लावण्यापूर्वी भिंतीवर कोठे खळगा आहे का ते पाहून घ्यावे. शेवटी कॅनालमधले ग्लिसरीन पूर्ण धुऊन काढावे. ते राहिले तर भिंत स्वच्छ करण्यासाठी घालवलेला अर्धा तास पाण्यात गेला.

सुटलेला पोस्ट परत बसवताना

पुन्हा काहीही चिकटवण्यापूर्वी मूळ चिरलेले नाही याची खात्री करावी. हिरडीभोवती प्रोब फिरवताना सगळीकडे २-३ मिमी आणि एकाच अरुंद जागी एकदम खोल गेला तर उभ्या फ्रॅक्चरची दाट शंका घ्यावी, आणि त्या दातावर सिमेंट वाया घालवू नये. कॅनाल किती दिवस लाळेला उघडा होता तेही विचारावे. फार दिवस झाले असतील तर टोकाकडचा गटापर्चा दूषित झाला आहे असे धरून आरसीटी पुन्हा करण्याचा निर्णय घ्यावा लागतो. कधी कधी रुग्णाने दुकानातला झटपट गोंद लावून क्राउन घरीच बसवलेला असतो आणि हे तो आपणहून सांगत नाही, विचारावे लागते. तो गोंद भिंतीवर काचेसारखा पातळ थर सोडतो आणि कोणत्याही द्रावणाने सहज निघत नाही, त्यामुळे तेथे अल्ट्रासॉनिक टिप आणि भिंग घेऊन भिंत इंचाइंचाने नव्याने उघडावी लागते. जुने सिमेंट पोस्टला घट्ट असेल आणि तपासणीत मूळ शाबूत आढळले असेल, तरी मी तोच पोस्ट वापरत नाही. क्राउन चांगला असल्यास तो ठेवून कोअर आणि पोस्ट नवे करतो.